सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान कार्ड: आधी आधारचा मोबाईल नंबर तपासा

सत्तरीपुढच्यांना रुग्णालयात दाखल झाल्यावर वर्षाला 5 लाखांपर्यंत मोफत उपचार देणारं आयुष्मान वय वंदना कार्ड काढायला कागद एकच लागतो, आधार. आणि घोडं अडतं तेही आधारपाशीच.

उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला यातलं काहीच मागत नाहीत. 29 ऑक्टोबर 2024 ला, धनत्रयोदशीच्या दिवशी, केंद्र सरकारने आयुष्मान भारत योजना 70 वर्षं पूर्ण केलेल्या सगळ्यांना खुली केली. रेशनकार्ड पिवळं, केशरी की पांढरं, हा प्रश्नच नाही. फक्त वय बघतात, आणि तेही आधारवर असेल तेच. आधारवर वय कमी पडलं असेल तर शाळेचा दाखला पुढे करून भागत नाही, आधी आधार दुरुस्त करून घ्यावं लागतं.

म्हणून नोंदणीचं ॲप उघडायच्या आधी आधारला कुठला मोबाईल नंबर जोडलाय ते बघा. माझ्या मावशीच्या आधारला जावयाचा जुना नंबर होता, कधीच बंद पडलेला. ओटीपी येणार कुठे? मग अंगठा लावून पाहिला. जन्मभर भाकऱ्या थापून आणि भांडी घासून बोटांवरच्या रेषा पुसट झालेल्या, यंत्र काही घेईना. ओल्या पदराने बोटं पुसून झाली, दुसरा हात लावून झाला. शेवटी मोबाईलच्या कॅमेऱ्यावर चेहरा दाखवून काम झालं, तेही चौथ्या खेपेला. तिथे पापणी लवायला सांगतात, आणि मावशी स्टुडिओत फोटो काढायला बसल्यासारखी टक लावून बघत होती. तुमच्याकडेही जुना नंबर असेल तर आधार केंद्रावर जाऊन बदलून घ्या. त्याला कागदपत्रं लागत नाहीत, पण केंद्रावर माणूस स्वतः जावा लागतो. अंथरुणाला खिळल्यावर हे जमवणं किती अवघड, ते वेगळं सांगायला नको.

पुढचं काम घरबसल्या होतं. 'आयुष्मान' ॲपवर किंवा बेनिफिशियरी डॉट एनएचए डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर लाभार्थी म्हणून आपल्या मोबाईलने लॉगिन करायचं, 70 वर्षांवरील नोंदणीचा पर्याय निवडायचा, राज्य आणि आधार क्रमांक भरायचा, ई-केवायसी करायची, म्हणजे आधारवरून ओळख पटवायची. मग पिनकोड आणि घरातल्यांची माहिती भरून, फोटो काढून अर्ज पाठवला की झालं. मंजुरी आल्यावर कार्ड तिथूनच डाउनलोड होतं. ॲपशी झटापट नको असेल तर जवळचं सीएससी (सरकारी ऑनलाइन सेवांचं) केंद्र किंवा योजनेतलं रुग्णालय गाठा. कार्डाला सरकारी शुल्क नाही.

घरात आधीपासून आयुष्मान कार्ड असेल तरी सत्तरीपुढच्या माणसाची ई-केवायसी पुन्हा करावी लागते. 'आमचं आहे की' म्हणून बरेच जण इथेच थांबतात आणि फायदा सोडतात. कारण अशा घरातल्या ज्येष्ठांना वर्षाला 5 लाखांचं वेगळं संरक्षण मिळतं, त्यात सत्तरीच्या आतल्यांचा वाटा नसतो. मात्र आजी-आजोबा दोघंही सत्तरीपुढचे असतील तर ते 5 लाख दोघांत मिळून, प्रत्येकी नाहीत.

निवृत्त सरकारी नोकरांनी जरा थांबून विचार करावा. केंद्र सरकारी नोकरांची आरोग्य योजना सीजीएचएस, माजी सैनिकांची ईसीएचएस किंवा निमलष्करी दलांची आयुष्मान योजना चालू असेल, तर ती ठेवायची की इकडे यायचं, यातलं एकच निवडता येतं, आणि तेही एकदाच. सीजीएचएसमध्ये ओपीडी आणि नेहमीची औषधं मिळतात. शेजाऱ्याने काढलं म्हणून ती सोडणं मला तरी पटत नाही. खासगी मेडिक्लेम किंवा ईएसआय (कामगार विमा) असलेल्यांना असलं काही सोडावं लागत नाही.

रुग्णालयात गेल्यावर बिलाच्या खिडकीकडे न जाता आधी आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचं, टेबल शोधा. कार्ड आणि आधार त्याच्याकडे द्यायचं, मंजुरीची मागणी तिथून जाते. प्रतीक्षा काळ नाही, जुना मधुमेह किंवा हृदयविकार असला तरी पहिल्या दिवसापासून संरक्षण लागू. अँजिओप्लास्टी, खुब्याचं हाड मोडणं, प्रोस्टेटची शस्त्रक्रिया, डायलिसिस, म्हातारपणी जे दार ठोठावतं त्यातलं पुष्कळसं यात बसतं. दाखल होण्याआधीचे 3 दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे 15 दिवस यांचा खर्चही धरलेला आहे, तेव्हा डिस्चार्जच्या वेळी औषधांचं विचारायला लाजू नका. मुलाकडे सुरतेला किंवा इंदूरला राहणाऱ्या आईला तिथल्या योजनेतल्या रुग्णालयातही हेच कार्ड चालतं. कुठलं रुग्णालय यादीत आहे ते 14555 वर विचारा. महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा 155388 हाही क्रमांक आहे.

आता उणी बाजू. हे कार्ड खाटेसाठी आहे, ओपीडीसाठी नाही. म्हाताऱ्या माणसाचा खिसा रिकामा होतो तो दरमहा बीपीच्या, साखरेच्या गोळ्यांनी, आणि त्याला इथे एक रुपया नाही. त्यासाठी सरकारचाच दुसरा रस्ता धरावा लागतो. ज्येष्ठांच्या आरोग्यसेवेच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयात ज्येष्ठांची वेगळी ओपीडी चालते. रक्तदाब-मधुमेहाची तपासणी आणि गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही मोफत मिळतात.

चष्मा, श्रवणयंत्र, काठी, कमोड खुर्ची, कमरेचा पट्टा यांसाठी राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना तिसरीच. तिला वय 65 पुरतं, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 2 लाखांच्या आत हवं. अर्ज समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे. आधार, बँक पासबुकाची झेरॉक्स, फोटो आणि स्वयंघोषणापत्र जोडायचं. एकदाच 3000 रुपये थेट खात्यात येतात. पैसे आले की वस्तू घ्या आणि दुकानदाराकडून पक्कं बिल मागून घ्या. ते 30 दिवसांत दाखवावं लागतं, आणि साध्या चिठ्ठीवर लिहून दिलेला आकडा बिल म्हणून धरत नाहीत.