पोस्ट फक्त २५ जणांनाच दिसते का?

‘नव्या अल्गोरिदममुळे तुमच्या पोस्ट केवळ २५ मित्रांनाच दिसतात, हा मजकूर कॉपी करून आपल्या भिंतीवर चिकटवा, म्हणजे बंधन सुटेल’ असा संदेश फेसबुकवर अनेक वर्षे फिरत आहे.

वस्तुस्थिती अशी की, फीडमध्ये, म्हणजे फेसबुक उघडल्यावर समोर येणाऱ्या पोस्टच्या यादीत, माणसांच्या संख्येवर असे ठरावीक बंधन नसते. प्रत्येक वाचकासमोर उपलब्ध असलेल्या असंख्य पोस्टचा क्रम, त्याने पूर्वी कोणाला प्रतिसाद दिला, पोस्ट किती ताजी आहे, ती कोणत्या प्रकारची आहे, अशा संकेतांवरून लावला जातो, आणि खाली गेलेली पोस्ट बहुधा पाहिलीच जात नाही. त्यामुळे आपले वाचक कमी झाल्याची भावना खोटी नसते. तिचे कारण मात्र वेगळे असते.

मजकूर चिकटवल्यावर जुने परिचित खरोखरच दिसू लागतात, कारण त्या मजकुरातील ‘वाचले असल्यास उत्तर द्या’ या विनंतीला ते प्रतिसाद देतात आणि त्या संवादामुळेच क्रम बदलतो. चिकटवलेल्या शब्दांनी कोणतीही सेटिंग बदलत नाही.

पडताळणी सोपी आहे. आपल्या काही महिन्यांच्या पोस्टना प्रतिसाद देणाऱ्यांची वेगवेगळी नावे मोजावीत. ती २५ हून अधिक भरली, तर दावा तिथेच खोटा ठरतो. व्यावसायिक पेज असल्यास आकडेवारीच्या विभागात प्रत्येक पोस्टची पोहोच थेट पाहता येते.