बत्तीस खणांचं घर

खानदेशातली जुनी माणसं घर अजूनही खणांत, म्हणजे दोन खांबांमधल्या जागेच्या मापात, सांगतात. "धाब्याचं घर, पाच खणांचं" म्हटलं की ऐकणाऱ्याला लांबी-रुंदी विचारावी लागत नाही. बीबीसी मायक्रो हा १९८१ सालचा संगणक मला अखेर याच मापाने समजला. त्याची मेमरी ३२ किलोबाइट. एक बाइट म्हणजे साधारण एका रोमन अक्षराची जागा; एक किलोबाइट म्हणजे १०२४ बाइट, तो एक खण धरा. सगळा संसार बत्तीस खणांत.

१९८४-८५ पासून केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून हे संगणक देशभरातल्या शाळांत पोचले. आमच्या तालुक्याच्या शाळेतही एक आला. गणिताच्या सरांनी त्यावर बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत स्वतः एक खेळ लिहिला होता. खेळ पारोळ्याच्या किल्ल्यातला, पण चित्र एकही नाही. पडद्यावर रोमन अक्षरांत मराठी वाक्यं यायची: तुम्ही दरवाजात उभे आहात, पुढे खंदक आहे. आपण 'उत्तर' किंवा 'दिवा घे' असं टाइप करायचं आणि संगणक पुढची हकिगत सांगायचा. दुपारच्या सुट्टीत आम्ही सात-आठ जण त्या एका पडद्यासमोर दाटीवाटीने उभे असायचो.

शब्दांनी खेळायच्या अशा खेळांची सुरुवात खऱ्याखुऱ्या गुहेतून झाली. अमेरिकेतल्या विल क्राउदर या प्रोग्रॅमरला गुहा धुंडाळण्याचा नाद होता. केंटकीतल्या मॅमथ केव्हमध्ये तो फिरला होता, आणि १९७५-७६ च्या सुमारास त्याने त्या गुहेवरून पीडीपी-१० या मोठ्या संगणकावर खेळ लिहिला. १९७७ मध्ये डॉन वूड्सने तो वाढवला. तिथून ही कल्पना घरगुती संगणकांपर्यंत उतरली आणि सरांपर्यंत पोचली.

गेल्या उन्हाळ्यात सरांच्या घरच्यांनी माळ्यावरची एक कॅसेट माझ्या हाती दिली. वर सरांच्याच अक्षरात खेळाचं नाव. दहावीतल्या माझ्या भाच्याने ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "मामा, हाई काय शे?" कॅसेटवर गाणी सोडून दुसरं काही असू शकतं, हे त्याला माहीतच नव्हतं.

त्या कॅसेटवर आवाजच आहे, पण ठरावीक. सेकंदाला १२०० कंपनांची एक पूर्ण लहर म्हणजे शून्य, २४०० कंपनांच्या दोन लहरी म्हणजे एक. या हिशेबाने सेकंदाला साधारण १२० बाइट वाचले जातात. सरांचा खेळ २४ खणांचा, त्यामुळे टेपवरच्या मधल्या रिकाम्या जागा धरून तो भरायला चार-पाच मिनिटं लागत. टेप २५६ बाइटच्या ठोकळ्यांत विभागलेली असते, आणि प्रत्येक ठोकळ्याच्या शेवटी ताळा पाहण्यासाठी दोन बाइटची संख्या. ताळा जुळला नाही तर यंत्र 'डेटा?' असं लिहून थांबतं. आमचं गाडं ४१व्या ठोकळ्यावर अडलं. आवाज लॅपटॉपमध्ये उतरवून लहरी मोठ्या करून पाहिल्या, तर २४०० वाल्या लहरी दबलेल्या दिसल्या. टेपरेकॉर्डरच्या हेडचा कोन किंचित सरकला की आधी उंच स्वर मरतात. बारीक स्क्रूड्रायव्हरने हेडचा स्क्रू केसभर फिरवत, कानाने आवाज उजळ होईपर्यंत थांबलो. पुन्हा रेकॉर्ड केलं आणि सगळेच्या सगळे ९६ ठोकळे उतरले.

आता हे चालवायचं कशावर? तो संगणक केव्हाच भंगारात गेला. म्हणून एम्युलेटर, म्हणजे आजच्या लॅपटॉपवर जुन्या यंत्राचं सोंग घेणारा प्रोग्रॅम. दारी आलेला बहुरूपी फौजदाराची नुसती टोपी घालत नाही, त्याची चाल आणि दटावणीही आणतो, तसंच हे सोंग. बीबीसी मायक्रोच्या ६५०२ या चिपचा एकेक हुकूम एम्युलेटर वाचतो. १६९ हा आकडा दिसला की पुढचा आकडा 'ए' नावाच्या कप्प्यात ठेवायचा, आणि त्यात घड्याळाचे दोन ठोके गेले अशी नोंद करायची. मूळ चिप सेकंदाला वीस लाख ठोके मारायची, म्हणून एम्युलेटरही बरोबर तेवढेच मोजून थांबतो. आजच्या लॅपटॉपला हे सहज जमतं, आणि मजकुराच्या खेळाला तर वेगाची फिकीरच नसते. त्यामुळे मला वाटलं होतं, काम झालं.

खेळ सुरू झाला. दरवाजा, देवडी, मग बुरूज. बुरुजावर पाऊल टाकलं आणि पडद्यावर दोनच शब्द आले: 'नो रूम'. जागा नाही!

शाळेच्या यंत्रावर हे कधीच झालं नव्हतं. एम्युलेटरमध्ये काही चुकलं असेल म्हणून मी दोन दिवस घालवले. चूक तिथे नव्हतीच. शाळेच्या यंत्राला डिस्क नव्हती, फक्त कॅसेट. त्या यंत्रात पहिले साडेतीन खण यंत्राच्या स्वतःच्या कामाला जातात, शेवटचा एक खण पडद्यावरच्या मजकुराला, आणि मधले साडेसत्तावीस खण प्रोग्रॅमला मोकळे. एम्युलेटरने मात्र डिस्क जोडलेलं यंत्र उभं केलं होतं. डिस्क सांभाळणारी व्यवस्था आपलं सामान ओसरीतच मांडते आणि त्यासाठी आणखी पावणेतीन खण घेते. उरले पावणेपंचवीस. चोवीस खणांचा खेळ आत मावला, पण हालचालीला पाऊण खणच राहिला.

मग तो लगेच का नाही अडला? कारण बीबीसी बेसिक मजकुराचं सामान फार उधळेपणाने ठेवतं. एखाद्या नावाखाली आधी 'दिवा' असेल आणि नंतर तिथे लांब वाक्य ठेवायचं झालं, तर ते नवी जागा घेतं आणि जुनी तशीच सोडून देतं. ती परत झाडून वापरात येत नाही. प्रत्येक खोलीचं वर्णन आधीच्यापेक्षा लांब असेल तर प्रत्येक पावलागणिक जागा गळत जाते. बुरुजाशी ती संपली.

उपाय दोन ओळींचा निघाला. प्रोग्रॅम कुठून मांडायचा तो पत्ता 'पेज' या नावाखाली असतो. डिस्क असताना तो ६४०० असतो, नुसत्या कॅसेटवर ३५८४. आधी तारा (*) हे चिन्ह आणि 'टेप' असं लिहून डिस्कची व्यवस्था बाजूला केली, मग 'पेज' बरोबर ३५८४ लिहिलं आणि खेळ नव्याने भरला. तारा सापडायलाही वेळ गेला. लॅपटॉपवर तो आठच्या आकड्यावर असतो, बीबीसीवर अर्धविरामाशेजारच्या विसर्गचिन्हाच्या कळीवर. एम्युलेटरला कळांची जुळणी चिन्हानुसार करायला सांगितलं तेव्हा तो सापडला.

एवढं होऊनही भाच्याला खेळ दाद देईना. 'उत्तर' लिहिलं तरी 'समजले नाही'. बीबीसी सुरू होताना कॅपिटल अक्षरांची कळ आपोआप लागलेली असते. भाच्याने आपण होऊन ती पुन्हा दाबली, म्हणजे सोडवली. सरांचा प्रोग्रॅम 'उत्तर'चं पहिलं रोमन अक्षर ८५ या आकड्याने ओळखायचा, आणि याचं लहान अक्षर जात होतं ११७. फरक ३२ चा, म्हणजे एका बिटचा, शून्याच्या जागी एक आल्याचा. माणसाला दोन्ही एकच वाटतं. सरांनी लहान अक्षराची सोयच केली नव्हती, कारण त्या खोलीत कोणी ती कळ सोडवत नसे.

हा सगळा खटाटोप टाळायची दुसरी वाट इन्फोकॉम या अमेरिकी कंपनीने १९७९ मध्येच शोधली होती. त्यांनी खेळ कुठल्याच खऱ्या यंत्रासाठी लिहिले नाहीत. झेड-मशीन नावाचं कागदावरचं यंत्र आखलं आणि प्रत्येक जातीच्या संगणकासाठी त्याचा फक्त एक दुभाषी लिहिला. म्हणून त्यांचे खेळ आज फोनवरही विनातक्रार चालतात. त्या यंत्रात तीन रोमन अक्षरं दोन बाइटमध्ये बसवली जात. आज आपण 'केळी' हा शब्द साठवतो तेव्हा यूटीएफ-८ पद्धतीत बारा बाइट लागतात: क, त्याची मात्रा, ळ, त्याची वेलांटी, प्रत्येकी तीन. सरांनी मराठी रोमनमध्ये का लिहिली, हे मला त्या हिशेबाने नव्याने कळलं. बत्तीस खणांत देवनागरीचं बिऱ्हाड मावलं नसतं.

भाच्याने आता एम्युलेटरची जागच्या जागी गोठवण्याची सोय वापरायला घेतली आहे. त्यात चिपच्या कप्प्यांचे जेमतेम सात बाइट, पूर्ण ३२ किलोबाइट मेमरी आणि जोडीच्या चिपांची अवस्था फाइलमध्ये उतरते, आणि दुसऱ्या दिवशी खेळ त्याच पायरीवरून पुढे जातो. बुरूज त्याने ओलांडला. वहीच्या मागच्या पानावर किल्ल्याचा नकाशा काढत तो आतल्या विहिरीपर्यंत आला आहे. दोर कुठे ठेवला आहे, हे मला आठवत नाही. आमच्या वेळी सुट्टी संपल्याची घंटा विहिरीशीच व्हायची.