संघर्ष-पूर्वसूचना : प्रादेशिक संघटनांची व्यवस्था

हिंसा भडकण्याआधी तिची चिन्हे टिपणे, त्यांचा अर्थ लावणे आणि तो निर्णय घेणाऱ्यांपर्यंत वेळेत पोचवणे, अशी ही व्यवस्था आहे. गोव्याच्या मुरगाव बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला की नाखवा होडी लोटत नाही. राज्यांच्या बाबतीत बावटा दिसूनही तो न मानण्याची मोकळीक असते आणि खरी अडचण तेथेच आहे.

संकल्पनेच्या उगमाविषयी एकमत नाही. शीतयुद्धकाळातील क्षेपणास्त्रांची चाहूल घेणाऱ्या रडारांकडे काही अभ्यासक बोट दाखवतात, तर काही दुष्काळाच्या पूर्वसूचनेकडे. निर्वासितांच्या प्रश्नातून ती पुढे आली, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. निर्वासितांसाठीचे माजी उच्चायुक्त सद्रुद्दीन आगाखान यांनी १९८१ च्या सुमारास संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या सामूहिक स्थलांतरांविषयीच्या अहवालात अशा यंत्रणेची शिफारस होती. १९८७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयात संशोधन व माहिती-संकलनाचे कार्यालय निघाले. ते १९९२ मध्ये बंद झाले. त्याच वर्षी सरचिटणीस बुट्रोस घाली यांनी प्रतिबंधक राजनयात (तंटा पेटण्याआधीच तो रोखण्याच्या वाटाघाटींत) पूर्वसूचनेला स्थान दिले. स्थानिक तंटे प्रादेशिक संघटनांनी आधी हाताळावेत, ही तरतूद मात्र संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या आठव्या प्रकरणात (कलमे ५२ ते ५४) पूर्वीपासूनच होती.

युरोपात सुरक्षा व सहकार्य परिषदेच्या १९९२ च्या हेलसिंकी बैठकीने राष्ट्रीय अल्पसंख्याकांसाठी उच्चायुक्तपद निर्माण केले. पहिले उच्चायुक्त माक्स व्हान डेर स्टूल यांनी एस्टोनिया व लाटव्हियातील रशियन भाषकांच्या नागरिकत्वाचा प्रश्न गाजावाजा न करता हाताळला.

पूर्व आफ्रिकेतील ‘इगाड’ संघटनेची यंत्रणा २००२ च्या करारातून उभी राहिली. तिचे आरंभीचे मुख्य क्षेत्र म्हणजे केनिया, युगांडा व इथिओपिया यांच्या सीमांवरचा कारामोजा हा पशुपालकांचा मुलूख. गुरांच्या चोरीवरून तेथे खून पडतात. त्यामुळे स्थानिक निरीक्षक कुरणांची टंचाई, कळपांची अवेळी हालचाल, टोळ्यांमधील सलोख्याच्या बैठका अशा बारीकसारीक गोष्टी नोंदवून पाठवतात. पश्चिम आफ्रिकी देशांच्या ‘इकोवास’ संघटनेच्या १९९९ च्या करारात आणि आफ्रिकी संघाच्या शांतता व सुरक्षा परिषदेच्या करारातील बाराव्या कलमातही अशीच तरतूद आहे.

दक्षिण आशियात मात्र ‘सार्क’ या प्रादेशिक संघटनेच्या १९८५ च्या सनदेतील दहाव्या कलमाने द्विपक्षीय व वादग्रस्त प्रश्न चर्चेबाहेर ठेवले. शेजाऱ्यांमध्ये धुमसणाऱ्या गोष्टीच बोलायच्या नाहीत म्हटल्यावर राजकीय पूर्वसूचनेला जागा उरत नाही. ही उणीव गंभीर आहे.

गोव्यात ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘ब्रिक्स’ परिषदेबरोबर बंगालच्या उपसागराभोवतालच्या देशांच्या ‘बिम्सटेक’ गटाच्या नेत्यांची बैठक झाली. नौदल युद्ध महाविद्यालयाने २०१७ पासून भरवलेल्या सागरी परिषदेत हिंदी महासागरातील शेजारी देशांचे नौदल अधिकारी एकत्र येतात. चिन्हे दिसूनही न मानल्याचा गोव्यातला घरचा दाखला मात्र जुना आहे. सत्तरच्या दशकात ट्रॉलर किनाऱ्यालगत येऊ लागले, रापणीला (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याला) मासळी कमी लागू लागली आणि रापणकारांनी तक्रारी केल्या. चिन्हे वाळूवर उघडी पडली होती. तरी समुद्रात हाणामाऱ्या व किनाऱ्यावर आंदोलन झाल्यानंतरच १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा झाला.