घरच्या प्रयोगांतला ‘सोडा’: थोडी पार्श्वभूमी

फुलापानांच्या रंगावरून आम्ल आणि अल्कली (चुना-सोड्यासारखे, आम्लाच्या उलट गुणाचे पदार्थ) ओळखण्याची रीत युरोपात १६६४ च्या एका पुस्तकात आली. सोलापुरात हळद-चुन्याच्या लाल पाण्याने दृष्ट काढणाऱ्या तेलुगू-कन्नड घरांना हा रंगबदल त्याशिवायच ठाऊक होता.

इथला खरा गुंता ‘सोडा’ या शब्दाचा आहे आणि तो कापडधंद्यातून आला. सोलापुरातली पहिली कापडगिरणी १८७७ ची. पुढे यंत्रमाग आले, चादरी आणि टॉवेल आले, आणि त्यांचं सूत रंगवायला कॉस्टिक सोडा आला. ‘व्हॅट’ नावाचे सुताचे पक्के रंग पाण्यात विरघळत नाहीत. कॉस्टिक आणि ‘हायड्रो’ नावाची रासायनिक पूड घालून ते विरघळवायचे, सुतात मुरवायचे. सूत हवेत धरलं की रंग पुन्हा उमटून पक्का होतो. ही रसायनं रोज हाताळणाऱ्यांच्या बोलण्यात कॉस्टिक म्हणजे नुसता ‘सोडा’. त्याच घरात धुण्याचाही सोडा आणि भज्यांत घालायचाही सोडाच.

तिन्ही पांढरे, पण खाण्याचा सोडा सौम्य, धुण्याचा त्याहून बराच तीव्र, तर कॉस्टिक कातडी जाळतो, डोळा कायमचा घालवू शकतो आणि पाण्यात टाकताच ते तापवतो. हळद तिघांनीही लाल होते. लिंबू पिळल्यावर फसफसला म्हणजे खाण्याचाच, ही समजूतही चुकीची, कारण धुण्याचा सोडाही फसफसतो. रंग किंवा बुडबुडे पाहून ओळख पटवू नये, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

२०१३ मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध आले आणि घरच्या प्रयोगांतून ॲसिड गेलं, ते योग्यच झालं. सोड्याच्या नावाकडे मात्र कुणी वळलं नाही. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या, मुलं मोबाइलवर पाहून स्वयंपाकघरात प्रयोग करू लागली आणि साहित्याच्या यादीत पुन्हा ‘एक चमचा सोडा’ एवढंच आलं. बेकिंग पावडरही काही जण सोडाच समजतात. तिच्यात सोड्याबरोबर कोरडं आम्ल असतं, म्हणून ती नुसत्या पाण्यानेही फसफसते.

सुरुवातीच्या प्रयोगांना खाण्याचा सोडाच पुरतो. तो सुटा घेऊ नये. पाकिटावर ‘सोडिअम बायकार्बोनेट’ छापलेलं असतं, यादीतही तेच नाव हवं.