दोन डिस्क, दोन ‘लेजंड’

रिडली स्कॉटच्या ‘लेजंड’ या परीकथेच्या चित्रपटाची दोन डिस्कची डीव्हीडी युनिव्हर्सल स्टुडिओने २१ मे २००२ रोजी अमेरिकेत विक्रीला आणली. चित्रपट तिथे लागून तेव्हा सोळा वर्षं झाली होती, आणि तो पडला होता हे कुणी नाकारत नव्हतं. खर्च सुमारे अडीच कोटी डॉलर आणि अमेरिकेतली तिकीटविक्री दीड कोटींच्या आसपास. अशा चित्रपटाला ‘अल्टिमेट एडिशन’ असं भारदस्त नाव देऊन बाजारात आणणं हे धाडसच.

पण खरी गंमत डिस्कच्या वाटणीत आहे. एरवी पहिल्या डिस्कवर चित्रपट असतो आणि दुसरीवर उरलंसुरलं. इथे पहिल्या डिस्कवर कुठल्याही थिएटरात रीतसर न लागलेला ११३ मिनिटांचा चित्रपट आहे. अमेरिकी प्रेक्षकांनी १९८६ मध्ये तिकीट काढून पाहिलेला ८९ मिनिटांचा चित्रपट दुसऱ्या डिस्कवर, डॉक्युमेंटरी, स्टोरीबोर्ड (चित्रीकरणाआधी काढलेली प्रसंगांची रेखाटनं) आणि ट्रेलर यांच्या पंगतीला बसवलेला. म्हणजे प्रदर्शित झालेला चित्रपटच बोनस ठरला! हे असं का झालं, ते कळायला पाइनवूड स्टुडिओपर्यंत मागे जावं लागतं.

रिडली स्कॉटने ‘एलियन’ (१९७९) आणि ‘ब्लेड रनर’ (१९८२) यांच्यानंतर परीकथा करायला घेतली. कुठल्याही जुन्या कथेवर बेतलेली नको, स्वतंत्र हवी, म्हणून त्याने कादंबरीकार विल्यम योर्ट्सबर्गला हाताशी धरलं. कथा तशी दोन ओळींची. अंधाराचा स्वामी युनिकॉर्नची, म्हणजे एकशिंगी घोड्यांची, शिंगं मिळवून जगातला सूर्यप्रकाश कायमचा घालवू बघतो, आणि जंगलात राहणारा जॅक राजकन्या लिलीला व जगाला सोडवायला निघतो. जॅक म्हणजे टॉम क्रूझ, लिली म्हणजे मिया सारा (तिचा हा पहिलाच चित्रपट), आणि अंधाराचा स्वामी डार्कनेस म्हणजे टिम करी. कथेपेक्षा जंगलावर जास्त जीव ओतला गेला, हे पाहणाऱ्याला पाचव्या मिनिटाला कळतं. कला-दिग्दर्शक अ‍ॅशटन गॉर्टनने लंडनजवळच्या पाइनवूडमध्ये जेम्स बाँडच्या चित्रपटासाठी १९७६ साली बांधलेल्या प्रचंड ‘००७ स्टेज’च्या पोटात अख्खं अरण्य उभं केलं. साठ-साठ फूट उंच झाडं, वाहतं पाणी, हवेत सतत तरंगणारा परागांचा भुरका.

हे अरण्य २७ जून १९८४ रोजी जळून खाक झालं, आणि त्याबरोबर स्टेजही. जेवणाची सुट्टी होती म्हणून माणसं वाचली. चित्रीकरण संपत आलं होतं, त्यामुळे उरलेलं काम इकडेतिकडे सेट हलवून निभावलं. स्टेज पुन्हा बांधून पुढच्या बाँडपटासाठी १९८५ च्या जानेवारीत खुला झाला. आगीची ही कहाणी ‘लेजंड’च्या प्रत्येक बोनस डिस्कवर हमखास येते. टिम करीच्या मेकअपचीही तशीच. मेकअप-कलाकार रॉब बोटीनने घडवलेला तो तांबडा चेहरा आणि डोक्यावरची सुमारे तीन फुटांची शिंगं चढवायला साडेपाच तास लागत. दिवस संपला की चेहऱ्यावरचा गोंद सुटावा म्हणून करीला तासभर पाण्याच्या टबात बसावं लागे. एकदा जीव गुदमरल्यासारखं होऊन त्याने ते सगळं घाईने ओरबाडून काढलं, तेव्हा सोबत कातडीही सोलली गेली आणि काही दिवस त्याच्याशिवाय काम चालवावं लागलं. या मेकअपला ऑस्करचं नामांकन मिळालं.

इथवरचं सगळं कुठल्याही मोठ्या चित्रपटाच्या ‘मेकिंग’मध्ये शोभेल. ‘लेजंड’चं वेगळेपण सुरू होतं ते एडिटिंगच्या टेबलावर.

स्कॉट आणि संकलक टेरी रॉलिंग्ज यांची पहिली जोडणी १२५ मिनिटांची होती. ती उतरून ११३ वर आली आणि निवडक प्रेक्षकांना दाखवली गेली. प्रतिसाद थंडा होता. स्कॉट बिचकला. ‘ब्लेड रनर’ नुकताच आपटलेला, त्यामुळे बिचकणं समजण्यासारखं आहे. कात्री पुन्हा चालली आणि ९४ मिनिटांची आवृत्ती तयार झाली. डिसेंबर १९८५ मध्ये ब्रिटनमध्ये आणि पुढे युरोपात ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्समार्फत लागली ती हीच. अमेरिकेचे हक्क युनिव्हर्सलकडे होते आणि त्यांना तीही पसंत नव्हती. तिथे अजून पाच मिनिटं गेली, सुरुवातीला पडद्यावर सरकणारा मजकूर आला, शेवट बदलला. आणि संगीतकार जेरी गोल्डस्मिथचं संगीत मुळापासून काढून टाकलं गेलं.

चित्रपटाचं पार्श्वसंगीत शेवटच्या क्षणी बदलणं हॉलिवूडमध्ये नवीन नाही. पण इथे संगीत नुसतं मागे वाजणारं नव्हतं. लिली चित्रपटात गाते, नाचते. ती गाणी आणि तो नाच चित्रीकरणाआधीच बांधावा लागला होता, सेटवर त्यावरच पावलं पडली होती. शिवाय गोल्डस्मिथच्या बाबतीत हे दुसऱ्यांदा होत होतं. ‘एलियन’च्या वेळी स्कॉट आणि रॉलिंग्ज यांनी त्याचं संगीत हवं तसं हलवलं होतं, काही ठिकाणी त्याच्याच जुन्या ‘फ्रॉइड’मधले तुकडे वापरले होते आणि शेवटी तर हॉवर्ड हॅन्सनची सिंफनी लावली होती. इतकं होऊनही तो ‘लेजंड’ला हो म्हणाला, ऑर्केस्ट्रा आणि कोरस घेऊन भलंमोठं काम केलं, आणि अमेरिकेत त्यातला एक सूरही ऐकू आला नाही.

त्याच्या जागी आले बर्लिनचे टँजरीन ड्रीम. सिंथेसायझरवर चालणारा हा गट तोवर ‘सॉर्सरर’, ‘थीफ’ आणि टॉम क्रूझच्याच ‘रिस्की बिझनेस’च्या संगीतामुळे हॉलिवूडला ठाऊक झालेला होता. तरुण प्रेक्षक यावा हा हिशेब उघड होता. जोडीला जॉन अँडरसन आणि ब्रायन फेरी या गायकांची एकेक गाणीही घातली. १८ एप्रिल १९८६ ला चित्रपट लागला आणि तरुण प्रेक्षक काही आला नाही. तो महिन्याभराने आला, क्रूझच्या ‘टॉप गन’ला. त्याचा दिग्दर्शक रिडलीचा धाकटा भाऊ टोनी. नशीब असंही घरातल्या घरात फिरतं.

याच काळात युनिव्हर्सलमध्ये शेजारच्याच चित्रपटावरून रण पेटलं होतं. टेरी गिल्यमचा ‘ब्राझील’. निर्माता ‘लेजंड’चाच, अर्नॉन मिल्चन, आणि स्टुडिओचे मुख्य अधिकारी तेच सिड शाइनबर्ग. गिल्यमने ‘व्हरायटी’ या चित्रपट-व्यवसायाच्या वृत्तपत्रात पानभर जाहिरात देऊन, माझा चित्रपट कधी सोडताय, असं शाइनबर्गना जाहीरपणे विचारलं. लॉस एंजेलिसच्या समीक्षकांनी प्रदर्शनाआधीच ‘ब्राझील’ला वर्षातला सर्वोत्तम चित्रपट ठरवलं आणि स्टुडिओला नमतं घ्यावं लागलं. स्कॉट असा भांडला नाही. कापाकापीत तो स्वतःच सामील होता, त्यामुळे ‘स्टुडिओने माझा चित्रपट मारला’ असं म्हणायची सोय त्याला पुढेही उरली नाही. ‘लेजंड’ची कहाणी ‘ब्राझील’इतकी गाजली नाही त्याचं कारण माझ्या मते हेच. यात सरळसोट खलनायक सापडत नाही.

दरम्यान घरबसल्या चित्रपट पाहण्याचं तंत्र बदलत होतं. लेझरडिस्क अमेरिकेत १९७८ च्या शेवटी आली. व्हीएचएसपेक्षा महाग आणि ताटाएवढी मोठी, पण तिच्यात आवाजाचे एकाहून जास्त ट्रॅक बसत आणि स्थिरचित्रं स्वच्छ थांबत. क्रायटेरियन कंपनीने १९८४ मध्ये जुना ‘किंग काँग’ लेझरडिस्कवर काढला तेव्हा मोकळ्या ट्रॅकवर चित्रपट-इतिहासकार रोनाल्ड हेव्हरला बोलायला बसवलं. ऑडिओ कॉमेंटरीची सुरुवात ती. पुढे याच वाटेने १९९६ मध्ये ‘ब्राझील’ची लेझरडिस्क आली, तिच्यात गिल्यमची आवृत्ती आणि स्टुडिओने गोग्गोड केलेली ९४ मिनिटांची आवृत्ती दोन्ही. प्रेक्षकाने शेजारीशेजारी ठेवून काय ते ठरवावं. १९९७ मध्ये अमेरिकेत डीव्हीडी आली आणि लेझरडिस्कवाल्या मूठभर हौशींची ही चैन सगळ्यांच्या आवाक्यात आली.

दुसरी गोष्ट ‘ब्लेड रनर’ची. त्याची जुनी वर्कप्रिंट (संकलन चालू असतानाची कच्ची प्रत) १९९० च्या सुमारास अपघाताने पडद्यावर आली, लोकांनी रांगा लावल्या आणि १९९२ मध्ये ‘डायरेक्टर्स कट’ (दिग्दर्शकाच्या पसंतीची आवृत्ती) निघाला. स्कॉटच्या पडलेल्या चित्रपटांच्या डब्यांत काहीतरी असू शकतं, हे स्टुडिओंना तेव्हा पटलं. ‘लेजंड’च्या चाहत्यांना ते आधीपासून पटलेलं होतं. युरोपातून आलेल्या टेपांच्या नकलांवर ते गोल्डस्मिथची आवृत्ती बघत आणि त्याहून मोठी एक आहे म्हणे, यावर चर्चा करत.

ती २००० साली सापडली. सापडलं ते निगेटिव्ह नव्हे. ती फिल्म कधीच कापून छोट्या आवृत्त्यांत वापरली गेली होती. सापडली ११३ मिनिटांची ‘आन्सर प्रिंट’. रंग, उजेड आणि आवाज एकत्र जुळवून लॅब जी पहिली पक्की प्रत मंजुरीसाठी दाखवते ती ही. तिच्यात गोल्डस्मिथचं संगीत जिथल्या तिथे होतं. काही ठिकाणी चित्र खराब झालेलं होतं, तेवढे तुकडे अमेरिकी आवृत्तीच्या फिल्ममधून घेऊन डिजिटल पद्धतीने बसवले. हे काम चार्ल्स डी लॉझिरिका या निर्मात्याने पुढे रेटलं. ‘ब्लेड रनर’च्या २००७ च्या संचामागेही तोच. तारखा पुढे ढकलल्या जात होत्या, चाहते चिडत होते, आणि अखेर मे २००२ उजाडला. गोल्डस्मिथ २००४ मध्ये गेला. आपलं काम चित्राबरोबर जोडलेलं अमेरिकेत निघाल्याचं त्याने पाहिलं, एवढं तरी त्याच्या पदरात पडलं.

आता डिस्कच्या आत. पहिल्या डिस्कवर स्कॉटची कॉमेंटरी आहे. तो चित्रकलेच्या अंगाने बोलतो, उजेड कुठून आणला, धूर किती सोडला, आणि चुकांबद्दल फारसा आडपडदा ठेवत नाही. दुसऱ्या डिस्कवरची ‘क्रिएटिंग अ मिथ’ ही डॉक्युमेंटरी ५१ मिनिटांची, तीत योर्ट्सबर्ग, करी आणि सारा यांच्या आठवणी आहेत. टँजरीन ड्रीमचं संगीत संवादांशिवाय ऐकायला वेगळा ट्रॅक आहे. कापलेल्या प्रसंगांत चार गॉब्लिन्सची (डार्कनेसच्या कुरूप, दुष्ट चाकरांची) वेगळी सुरुवात आहे, आणि परींचा एक नाच, ज्याचं चित्र हरवलंय. आवाज वाचला होता, म्हणून तो स्टोरीबोर्ड आणि फोटोंवर चढवून दाखवला आहे. स्थिर रेखाटनं एकामागून एक सरकतात आणि मागे नाच चालू राहतो. अख्ख्या संचात मला सर्वांत जवळचा वाटतो तो हा तुकडा, कारण काय गेलं हे त्यात लपवलेलं नाही.

दोन डिस्क आलटूनपालटून लावून बघायचा प्रसंग मात्र दुसराच. डार्कनेसच्या महालात लिलीसमोर एक काळा पोशाख, आत चेहरा नसलेला, आपणहून नाचू लागतो. ती आधी घाबरते, मग ओढली जाते, मग गिरक्या घेताघेता तोच पोशाख तिच्या अंगावर असतो. गोल्डस्मिथचा वॉल्ट्झ तिच्या पावलांबरोबर चढत जातो आणि आपल्यालाही त्या मोहात ओढतो. दुसऱ्या डिस्कवर तीच मिया सारा, त्याच गिरक्या, पण सिंथेसायझरचा गुंजारव बाजूने वाहत राहतो. ती कशावर नाचतेय ते कळत नाही. पुढे आरशातून डार्कनेस बाहेर येतो. लांब आवृत्तीत त्याचं पूर्ण रूप आपण इथे पहिल्यांदा बघतो. अमेरिकी आवृत्तीने तो सुरुवातीलाच दाखवून टाकलेला असतो, त्यामुळे बोटीनच्या साडेपाच तासांच्या मेहनतीचा धक्काच निघून जातो.

तरीही ८९ मिनिटांची आवृत्ती टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही. लांब आवृत्ती मध्ये बरीच रेंगाळते. आणि टँजरीन ड्रीमच्या संगीताने जंगलाला एक झोपेतल्यासारखी अवस्था येते, ती लहानपणी अमेरिकी केबलवर हा चित्रपट पाहिलेल्यांना अजून सोडत नाही. शेवटाचंही तसंच. अमेरिकी आवृत्तीत जॅक आणि लिली हातात हात घालून सूर्याकडे जातात. लांब आवृत्तीत ती आपल्या घरी जाते आणि तो एकटा जंगलाकडे. दुसरा शेवट जास्त खरा, पण पहिल्याला टाळ्या का मिळतात तेही कळतं.

भारतात तो संच अधिकृतपणे चालणारा नव्हता. डीव्हीडीवर जगाच्या विभागाप्रमाणे ‘रीजन’चं कुलूप असे: अमेरिकी डिस्क रीजन १ ची, आपला रीजन ५. नातेवाइकांकरवी मागवलेली डिस्क ‘कोड फ्री’ प्लेअरवरच लागायची. २०११ मध्ये दोन्ही आवृत्त्या ब्लू-रेवर आल्या, तेव्हा लांब आवृत्तीचं चित्र काहीसं मऊ दिसलं, कारण तिला त्या एका प्रिंटशिवाय दुसरा आधारच नाही. २०२१ मध्ये ॲरो व्हिडिओने अमेरिकी आवृत्ती मूळ निगेटिव्ह पुन्हा स्कॅन करून सुधारली, चित्रपट-लेखक पॉल सॅमनची नवी कॉमेंटरी घातली आणि आवृत्त्यांमधले फरक उलगडणारा स्वतंत्र व्हिडिओही दिला.

युनिव्हर्सलच्या दोन्ही संचांत नाही ती ९४ मिनिटांची आवृत्ती, म्हणजे ब्रिटन-युरोपने थिएटरात पाहिलेली. ती शोधायला निघालेल्याने कव्हरवरच्या मिनिटांवर विसंबू नये. युरोपातल्या ‘पाल’ या टीव्ही-पद्धतीच्या डिस्कवर चित्रपट सेकंदाला २४ ऐवजी २५ फ्रेमने धावतो, त्यामुळे ९४ मिनिटांचे ९० होतात आणि ती आवृत्ती अमेरिकी ८९ मिनिटांच्या इतकी जवळ जाते की वेळेवरून फरक कळत नाही. डिस्क लावून श्रेयनामावली बघावी. संगीतापुढे टँजरीन ड्रीमचं नाव असेल तर ती अमेरिकी.