मंदिराच्या सुरक्षेसाठी अमेरिकी सरकारचं अनुदान : अर्ज कुणी, कुठे आणि कसा करायचा

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेत दहशतवादाविरुद्धच्या तयारीसाठी केंद्राकडून राज्यांना अनुदान देण्याची मोठी यंत्रणा उभी राहिली. होमलँड सिक्युरिटी (अंतर्गत सुरक्षा) खात्याखालची फेमा ही केंद्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्था ती चालवते. यातला मोठा वाटा होमलँड सिक्युरिटी ग्रँट प्रोग्रॅममधून जातो : एक हिस्सा राज्यांना, एक जास्त धोक्याच्या महानगरांना आणि एक सीमेवरच्या बंदोबस्ताला. राज्यांच्या आणि महानगरांच्या हिश्शातली किमान ८० टक्के रक्कम राज्याने ४५ दिवसांत खाली शहरं-काउंट्यांपर्यंत पोहोचवावी, असा कायदा आहे. हा पैसा पोलीस, अग्निशमन आणि आपत्ती व्यवस्थापनाचा. तुमच्या-आमच्या संस्थेचा तिथे संबंध नाही.

अमेरिकेतल्या आपल्या मंदिरांसारख्या ना-नफा संस्थांसाठी त्याच यंत्रणेत एक वेगळं दार आहे : नॉनप्रॉफिट सिक्युरिटी ग्रँट प्रोग्रॅम. २००५ पासून तो चालू आहे. आधी फक्त ठरावीक महानगरांपुरता होता, २०१८ पासून बाकीच्या भागातल्या संस्थांसाठीही वेगळा निधी ठेवला जातो. ज्यू सिनेगॉग आणि त्यांच्या शाळा वर्षानुवर्षं याचा पद्धतशीर उपयोग करत आल्या आहेत. आपल्याकडे मात्र अजून कित्येक विश्वस्तांना याचा पत्ताच नसतो. २०१२ साली विस्कॉन्सिनमधल्या ओक क्रीकच्या गुरुद्वाऱ्यात गोळीबार झाला. डिसेंबर २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यूअर्कच्या आणि मार्च २०२५ मध्ये चिनो हिल्सच्या स्वामीनारायण मंदिराच्या भिंती विद्रूप केल्या गेल्या. एवढं झाल्यावर तरी कार्यकारिणीच्या बैठकीत हा विषय यायला हवा.

पात्रता वाचायला सोपी आहे. संस्था करकायद्याच्या ५०१(सी)(३) या कलमाखाली करमुक्त हवी. प्रार्थनास्थळांना अमेरिकी करकायदा आपोआप करमुक्त मानतो, त्यामुळे मंदिराकडे आयआरएसचं, म्हणजे केंद्रीय कर विभागाचं, पत्र नसलं तरी अडत नाही. पण असेल तर जोडाच, राज्याचं कार्यालय खुश राहतं. खरी अडचण आपल्या महाराष्ट्र मंडळांची होते. अनुदान संस्थेला असलं तरी ते एका ठरावीक जागेसाठी मिळतं आणि अर्जाच्या वेळी संस्था त्या जागेत प्रत्यक्ष वावरत असावी लागते. गणेशोत्सवाला हायस्कूलचं सभागृह आणि दिवाळीला दुसरंच कुठलं, असा संसार असेल तर अर्जाला आधारच नाही. टपालपेटीचा पत्ता चालत नाही, आणि पुढच्या वर्षी बांधायच्या वास्तूसाठीही पैसे मिळत नाहीत. भाड्याची जागा कायमची ताब्यात असेल तर मालकाची लेखी परवानगी घेऊन पुढे जाता येतं. थोडक्यात, कायमची जागा नसलेल्या मंडळाने यात वेळ घालवू नये, असं माझं मत.

गुणांकनातही एक मेख आहे. धर्म, विचार किंवा कार्य यांमुळे धोक्यात असलेल्या संस्थांचे गुण तिपटीने धरले जातात, शैक्षणिक आणि वैद्यकीय संस्थांचे दुपटीने, बाकीच्यांचे जसेच्या तसे. संस्था कोणत्या गटात बसते हे ठरवताना तिचं उद्देशपत्र पाहिलं जातं. रविवारी मराठी शाळा भरते म्हणून मंडळ शैक्षणिक संस्था होत नाही.

अर्ज फेमाकडे पाठवायचा नाही. प्रत्येक राज्यात गव्हर्नरने नेमलेलं एक प्रशासकीय कार्यालय असतं आणि फेमाकडे फक्त तेच अर्ज करू शकतं. न्यू जर्सीत राज्याचं होमलँड सिक्युरिटी अँड प्रिपेअर्डनेस कार्यालय, कॅलिफोर्नियात कॅल ओईएस हे राज्याचं आपत्कालीन सेवा कार्यालय. सगळे फॉर्म तिथेच द्यायचे. अनुदान जाहीर करणाऱ्या फेमाच्या वार्षिक सूचनापत्रावर जी शेवटची तारीख दिसते ती राज्यासाठी असते. तुमची तारीख तिच्या बरीच आधी येते आणि मधे हातात काही आठवडेच उरतात. म्हणून सूचनापत्राची वाट न पाहता कागद आधीच तयार ठेवायचे. राज्याच्या कार्यालयाच्या ईमेल यादीत सचिवांचं नाव आजच घाला.

कागद मुख्यतः तीन : उद्देशपत्र, त्या जागेची सुरक्षा तपासणी, आणि ज्याला इन्व्हेस्टमेंट जस्टिफिकेशन म्हणतात तो फेमाचा फॉर्म. काही राज्यं आणखी दोन-चार मागतात. जागा दोन असतील तर तपासणी आणि फॉर्म दोन्हींचे वेगळे. पैसे मिळण्याआधी सॅम डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावरून यूईआय हा संस्थेचा ओळख क्रमांक काढावा लागतो. त्या संकेतस्थळावरची संपूर्ण नोंदणी लागत नाही, क्रमांक पुरतो.

तपासणीसाठी महागडा सल्लागार गाठायची गरज नाही. सायसा या केंद्रीय संस्थेचे सुरक्षा सल्लागार विनामूल्य येतात, स्थानिक पोलीसही करून देतात. प्रार्थनास्थळांना स्वतः भरता येईल अशी प्रश्नावलीही सायसाने तयार केली आहे. मागचं दार आतून कुलूपबंद होत नाही, पार्किंगमध्ये अंधार आहे, चप्पल ठेवायच्या जागेतून सरळ गाभाऱ्यापर्यंत कुणीही जाऊ शकतं, अशा नेमक्या नोंदी त्यात हव्यात.

अर्ज जिंकतो किंवा हरतो तो इन्व्हेस्टमेंट जस्टिफिकेशनवर. २०२३ साली आलेल्या अर्जांपैकी निम्म्याहून कमी मंजूर झाले. या फॉर्ममध्ये धोका, उणीव आणि मागणी अशी साखळी तुटता कामा नये. ‘हिंदूंविरुद्ध द्वेष वाढतो आहे’ एवढ्याने धोका सिद्ध होत नाही. धमकीच्या ईमेलची तारीख, भिंतीवर काय लिहिलं होतं, पोलीस तक्रारीचा क्रमांक, हे द्या. तुमच्याकडे काही घडलं नसेल तर आसपासच्या तुमच्यासारख्या संस्थांमध्ये घडलेलं मांडता येतं. मग प्रत्येक मागणी तपासणीतल्या एखाद्या उणिवेकडे बोट दाखवणारी हवी. तपासणीत दाराचा उल्लेखच नाही आणि मागणीत दाराचं इलेक्ट्रॉनिक कुलूप आहे, असं झालं की गुण गेले. मंदिराची स्थापना कशी झाली, कुणी किती देणगी दिली, हे लिहायचा मोह आवरा. फॉर्मच्या चौकटीत अक्षरं मोजकीच मावतात.

मागायचं काय? कॅमेरे, दिवे, कुंपण, गाडी अडवणारे खांब, कुलपं, कंत्राटी सुरक्षारक्षक, स्वयंसेवकांचं प्रशिक्षण. फेमाची मान्य उपकरणांची यादी आहे, तिच्याशी प्रत्येक वस्तू ताडून पाहा. शस्त्रं मिळत नाहीत. एका जागेसाठी कमाल मर्यादा ठरलेली असते आणि ती बदलत आली आहे; दर वर्षी ताजं सूचनापत्र वाचा. स्वस्त पडतात म्हणून हिकव्हिजन किंवा दाहुआचे कॅमेरे कोटेशनमध्ये घालू नका. २०१९ च्या संरक्षण कायद्यातल्या बंदीमुळे केंद्राच्या पैशातून ते घेता येत नाहीत.

खजिनदारांनी दोन गोष्टी आधीच ध्यानात घ्याव्यात. हा पैसा सहसा प्रतिपूर्तीने मिळतो, म्हणजे आधी संस्थेने खर्च करायचा, मग बिलं लावून वसूल करायचा. गंगाजळी बेताची असेल तर काम टप्प्याटप्प्याने घ्या. दुसरं, मंजुरीआधी केलेला खर्च धरला जात नाही. अर्ज लिहून देणाऱ्याची फी मंदिराच्या खिशातूनच जाणार.

आणि मंजुरीचं पत्र आलं म्हणून लगेच कुदळ मारायची नाही. जमीन खणणं, भिंतीत छिद्रं पाडणं अशा कामांना फेमाची पर्यावरण आणि वारसा तपासणी लागते. इमारत ५० वर्षांहून जुनी असेल तर ती जास्तच बारकाईने होते, आणि आपली कितीतरी मंदिरं जुनी चर्चं विकत घेऊन उभी राहिली आहेत. ही परवानगी येण्याआधी काम सुरू झालं तर त्या कामाचे पैसे नाकारले जाऊ शकतात. तेव्हा ठेकेदाराशी करार करतानाच काम सुरू करण्याची तारीख फेमाच्या परवानगीवर अवलंबून राहील, असं लिहून घ्या.