पंपावरचा झिरो आणि पडदे ओळखणारा कॅमेरा

"साहेब, झिरो बघा," पंपावरचा पोरगा म्हणाला. मी बघितलं, तर झिरो नव्हताच. आकड्यांच्या जागी नुसता काळाठिक्कर चौकोन. मी तसं म्हणताच मागे बुलेटवर बसलेले काका पुढे सरसावले. "दिसंना म्हंजे? काटा मारायचा धंदा हाय ह्यो. पेट्रोल घेऊच नका." पोरगा बिचारा गोंधळला, कारण त्याला झिरो स्वच्छ दिसत होता. मी वाकून बघायला मान तिरकी केली आणि आकडे हळूहळू उजळले. मान सरळ केली, पुन्हा काळोख.

घोळ मशीनमध्ये नव्हता, माझ्या गॉगलमध्ये होता. कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या कडेने संध्याकाळी गाडी चालवताना पाण्यावरची तिरीप डोळ्यांत जाते, म्हणून मी पोलराइज्ड गॉगल वापरतो. तो काकांच्या हातात दिला आणि फिरवून बघा म्हटलं. त्यांनी आधी मशीनचे आकडे बघितले, मग स्वतःचा मोबाइल, मग रस्त्यापलीकडचा वाढदिवसाच्या शुभेच्छांचा भला मोठा छापील बोर्ड. मशीन काळं पडलं, मोबाइल अंधारला. "बोर्डाला काय हुईना की!" काका म्हणाले.

काकांनी नकळत एक फार सुंदर प्रयोग केला होता. समोरच्या वस्तूवर काय लिहिलंय, कुणाचा चेहरा आहे, याकडे न बघता पडदा कुठला आणि छापील बोर्ड कुठला हे त्यांनी वेगळं काढलं. हेच काम कॅमेऱ्याकडून करून घेण्यावर आज जगभर संशोधन चालू आहे.

कॅमेऱ्याला पडदे ओळखायचे कशाला? घरात वावरणाऱ्या यंत्रमानवाला टीव्हीतली बाई आणि स्वयंपाकघरातली बाई यांतला फरक कळायला हवा. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये व्हिडिओवरून ग्राहकाची ओळख पटवायला परवानगी दिली. तिथे कॅमेऱ्यासमोर जिवंत माणूस आहे की दुसऱ्या मोबाइलवर लावलेला त्याचा फोटो, हा लाखमोलाचा प्रश्न आहे. शिवाय खासगीपणाचा मुद्दा आहेच. अंगावर लावायचे काही कॅमेरे दिवसभर आपोआप फोटो काढतात आणि त्यांत मालकाच्या संगणकावर उघडी असलेली पत्रं, बँकेचे तपशील असं सगळं येतं. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली असे पडदे असलेले फोटो हुडकून बाजूला काढणारी पद्धत मांडली. पुष्कळ फोटो दाखवून त्यांनी संगणकाला पडदा कसा दिसतो हे शिकवलं.

हे काम उपयोगी आहे, पण हल्ली कुठल्याही प्रश्नाला "एआय करेल" हे एकच उत्तर ऐकू येतं, ते मला पटत नाही. शिकवलेला संगणक पडद्याचं रूप ओळखतो: उजळ चौकोन, भोवती काळी कड. रात्री हॅलोजनच्या झोतात उभा असलेला काळ्या चौकटीचा बोर्डही तसाच दिसतो. काकांच्या हातातल्या काचेने रूप बघितलंच नव्हतं. तिने प्रकाश तपासला होता. पडद्यावरचं चित्र हवं तसं बदलता येतं, पण पडद्यातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशावर एक खूण उमटलेली असते आणि ती चित्र बदलून पुसता येत नाही.

ती खूण म्हणजे ध्रुवण, इंग्रजीत पोलरायझेशन. प्रकाश ही लहर आहे आणि ती आपल्या वाटेशी काटकोनात कंप पावते, हे आपण शाळेत शिकलो. सूर्याचा, बल्बचा प्रकाश उभा, आडवा, तिरपा असा सगळ्या दिशांनी कंप पावत येतो. त्यातली एकच दिशा शिल्लक ठेवली की प्रकाश ध्रुवित झाला. हे काम करणारी वस्तू म्हणजे ध्रुवक, आणि त्याची स्वस्त फिल्म एडविन लँड या अमेरिकन संशोधकाने शोधली. आज सगळीकडे दिसते ती जात १९३८ सालची. प्लॅस्टिकची पट्टी एका दिशेने ताणायची, म्हणजे तिच्यातल्या लांब रेणूंच्या साखळ्या शेजारी शेजारी सरळ होतात, आणि मग तिला आयोडीन पाजायचं.

इथे पुस्तकात खिडकीच्या गजांची आणि दोरीची उपमा असते: गज उभे असतील तर उभी हलणारी दोरी आरपार जाते, आडवी हलणारी अडते. प्रकाशाच्या बाबतीत ती बरोबर उलटी पडते. आयोडीनच्या उभ्या साखळीत इलेक्ट्रॉन वरखाली पळू शकतात. उभा कंप पावणारा प्रकाश आला की तो त्यांना पळवतो आणि त्यात त्याची सगळी ऊर्जा खर्च होते. आडव्या प्रकाशाला मात्र पळायला जागा नसलेले इलेक्ट्रॉन भेटतात आणि तो सुखरूप निघून जातो. उभ्या गजांतून आडवा प्रकाश सुटतो! हे मला पहिल्यांदा कळलं त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो.

आता पंपाचं मशीन. त्याचे आकडे द्रवस्फटिकांचे, म्हणजे एलसीडीचे. हा पदार्थ ऑस्ट्रियाच्या फ्रीडरिश रायनिट्झरला १८८८ साली, गाजरातून काढलेल्या कोलेस्टेरॉलवर काम करताना सापडला. एलसीडीत मागून दिवा, मग एक ध्रुवक फिल्म, मग द्रवस्फटिकांचा पातळ थर, मग पहिलीशी काटकोनात लावलेली दुसरी फिल्म. साध्या एलसीडीत या थरातले रेणू जिन्यासारखे वळत गेलेले असतात आणि आपल्याबरोबर प्रकाशाची दिशाही नव्वद अंशांनी वळवतात, म्हणून तो दुसऱ्या फिल्ममधून बाहेर येतो. विद्युतदाब दिला की रेणू ताठ उभे राहतात, वळण मोडतं, प्रकाश अडतो आणि तेवढा भाग काळा दिसतो. आकडा कुठलाही असो, बाहेर येणारा प्रत्येक किरण त्या शेवटच्या फिल्ममधून गाळून आलेला असतो. माझ्या गॉगलची काचही असाच ध्रुवक, तिची दिशा या फिल्मशी काटकोनात आली की सगळंच काळं. मोबाइलच्या ओएलईडी पडद्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, त्याला खरं तर ध्रुवकाची गरज नाही, पण बाहेरच्या उजेडाचं प्रतिबिंब मारण्यासाठी तिथेही बहुधा तो लावतात. छापील बोर्डावर पडलेला प्रकाश मात्र शाईच्या आणि कापडाच्या कणांवर इतक्या वेळा आपटतो की दिशेचा मागमूस राहत नाही.

गॉगल फिरवायचं काम कॅमेऱ्याने कसं करावं? सोनी कंपनीने यासाठी एक संवेदक, म्हणजे कॅमेऱ्यातला सेन्सर, बाजारात आणला आहे. त्यात प्रत्येक चार पिक्सेलांच्या चौकोनावर अतिसूक्ष्म तारांच्या चार जाळ्या असतात: ०, ४५, ९० आणि १३५ अंशांच्या. म्हणजे एकाच फोटोत गॉगल चार वेळा फिरवून झाला.

पुढचं गणित जरा सावकाश वाचा, त्यातच सगळी गंमत आहे. समजा भिंतीवर सरळ टांगलेल्या टीव्हीकडे हा कॅमेरा रोखला आणि चार पिक्सेलांनी ०, ४५, ९०, १३५ या क्रमाने १००, ५१, २, ५१ असा उजेड मोजला. काटकोनातल्या जोड्यांची बेरीज करा: १०० आणि २ म्हणजे १०२, ५१ आणि ५१ म्हणजेही १०२. ही बेरीज जुळलीच पाहिजे, कारण ती एकूण उजेडाची आहे. आता वजाबाक्या: पहिल्या जोडीची ९८, दुसरीची शून्य. दोन्ही वजाबाक्या काटकोन त्रिकोणाच्या बाजू मानून पायथागोरसने कर्ण काढा. तो ९८. कर्णाला बेरजेने भागलं की ०.९६. हे झालं ध्रुवणाचं प्रमाण. कागदासाठी ते शून्याच्या जवळ येतं, पूर्ण ध्रुवित प्रकाशासाठी १.

आता तसाच आणि तेवढाच उजेड देणारा मोबाइल ३० अंश तिरका धरला. उजेड येतो साधारण ७५, ९३, २७, ९. चारही आकडे बदलले. बेरजा? १०२ आणि १०२. वजाबाक्या ४८ आणि ८४. कर्ण ९७ च्या आसपास आणि प्रमाण पुन्हा ०.९५ (एका शतांशाचा फरक पूर्णांक धरल्यामुळे). मोबाइल कसाही फिरवा, त्रिकोणाच्या बाजू लहानमोठ्या होतात, पण कर्ण ढळत नाही. उलट त्या बाजूंवरून पडदा किती अंशांनी तिरका आहे हेही कळतं. या वजाबाक्यांची पद्धत जॉर्ज स्टोक्सने १८५२ साली मांडली, आणि तिच्या मुळाशी असलेला कोसाइनच्या वर्गाचा नियम (ध्रुवकाशी जेवढा कोन, त्याच्या कोसाइनच्या वर्गाच्या प्रमाणात उजेड सुटतो) एटिएन मालूसने त्याच्याही चाळीसेक वर्षं आधी. तेव्हा पडदा म्हटलं की नाटकाचाच.

पण ध्रुवण फक्त पडद्याकडेच नसतं. माझा गॉगल मुळात रंकाळ्यासाठी होता ना! पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांच्या तिरप्या नजरेने बघितलं तर तिथून परतणारा प्रकाश जवळजवळ पूर्ण आडवा ध्रुवित असतो. सर सी. व्ही. रामन १९२१ साली बोटीने भारतात परतत होते. निकोल प्रिझम नावाच्या ध्रुवकातून त्यांनी नेमकी हीच तिरीप काढून टाकली, तरी समुद्र निळाच दिसला. समुद्राचा निळेपणा हा केवळ आकाशाच्या प्रतिबिंबाचा नव्हे, हे त्यावरून त्यांनी दाखवलं. कॅमेऱ्याला मात्र ही तिरीप चकवते. दुकानाची काच, गाडीची पुढची काच, ओला रस्ता, सगळं पडद्यासारखं वाटू लागतं. त्यातून सुटका अशी की परावर्तनाचं ध्रुवण बघण्याच्या कोनाबरोबर जागोजागी बदलतं, तर पडद्याचं समोरून बघताना एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सारखं असतं. भर उन्हात मोबाइलच्या काचेवर इतका बाहेरचा उजेड पडतो की ०.९६ चं प्रमाण बरंच खाली येतं. काही मोबाइलवर गॉगलवाल्यांच्या सोयीसाठी एक जादा थर असतो, तो प्रकाशाची कंपनदिशा गोल फिरती करतो. तिथे चारही पिक्सेल सारखेच उजळतात आणि ही युक्ती हरते.

ती आणखी एका ठिकाणी हरते. चौकातल्या मोठ्या एलईडी फलकात फिल्मच नसते, नुसते लाल, हिरवे, निळे दिवे. ध्रुवणाच्या कॅमेऱ्याला तो कापडी बोर्डासारखाच. पण तिथे साधा मोबाइलही पुरतो. गणपतीच्या मिरवणुकीत एलईडी वॉलचा व्हिडिओ काढला तर त्यावर काळे पट्टे सरकताना दिसतात. हे दिवे सेकंदाला शेकडो-हजारो वेळा चालूबंद होत असतात आणि मोबाइलचा कॅमेरा चित्र एकदम न घेता ओळीमागून ओळ वाचतो. दिवे बंद असताना वाचलेल्या ओळी काळ्या पडतात. याच कोल्हापुरात चित्रपट दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांनी शंभरेक वर्षांपूर्वी देशी कॅमेरा घडवला. त्या काळच्या फिल्मवर अशा वेगवेगळ्या वाचल्या जाणाऱ्या ओळीच नव्हत्या. ट्यूबलाइटही लुकलुकते, पण आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा. लय मोजली की दिवा कुठला आणि फलक कुठला हे वेगळं करता येतं.

या पट्ट्यांना "रेडिएशनच्या लहरी" म्हणणारे निरोप मोबाइलवर फिरतात आणि त्याखाली मोबाइलला चिकटवायचे सोनेरी स्टिकर विकले जातात. कृपा करून असले निरोप पुढे पाठवू नका. दोन वेगळ्या कंपन्यांचे मोबाइल शेजारी धरून एकाच वॉलचा व्हिडिओ काढा. पट्ट्यांची जाडी आणि वेग सहसा वेगळे येतात. लहरी हवेत असत्या तर दोघांना सारख्याच दिसायला हव्या होत्या. आणि स्टिकरने खरंच लहरी शोषल्या असत्या तर आधी मोबाइलची रेंज गेली असती.

आता एक घरी करायचा प्रयोग, ज्याला गॉगलही लागत नाही. मधमाशांना आकाशातलं ध्रुवण दिसतं. आपल्या डोळ्यालाही ते पुसटसं दिसतं, हे विल्हेल्म हायडिंगर याने १८४४ साली नोंदवलं. लॅपटॉपवर कोरं पांढरं पान उघडा, एका बिंदूवर नजर ठेवा आणि मान सावकाश डावीकडे-उजवीकडे कलती करा. मध्यभागी फिकट पिवळी, कंबरेत बारीक असलेली, डमरूसारखी आकृती मानेबरोबर फिरते, आणि मान थांबली की काही सेकंदांत विरते. हात लांब करून धरलेल्या दोन बोटांएवढी. मला ती चौथ्या संध्याकाळी दिसली, माझ्या मुलीला पहिल्याच मिनिटात. मग तिने टेबलावरचा कोरा कागद समोर धरला, तशीच मान हलवली आणि म्हणाली, "बाबा, ह्याच्यात नाही."